परिचर्या विद्यालय ते रुग्णालय : नवपरिचारिकेच्या समायोजनाचा विचार
(विशेष संदर्भ : काटेवाडी व बारामती-इंदापूर परिसर)

प्रस्तावना

पदवी मिळणे आणि व्यवसाय अंगवळणी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे बहुतेक व्यवसायांनी फार पूर्वीच मान्य केले आहे. एम.बी.बी.एस. उत्तीर्ण विद्यार्थ्यास एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केल्याशिवाय स्वतंत्रपणे व्यवसाय करता येत नाही. नवा वकील काही काळ ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात राहून कामाचे वळण शिकतो. महाविद्यालयीन अध्यापकांच्या बाबतीत १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजची योजना आणली आणि उद्बोधन वर्ग हा नव्या प्राध्यापकाच्या सेवेचा अपरिहार्य भाग बनला. वर्गात शिकविण्याची चूक पुढच्या तासाला दुरुस्त करता येते. तरीही तिच्यासाठी एवढी तरतूद आहे.

परिचारिकेची चूक अनेकदा दुरुस्त करता येत नाही. असे असूनही महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली वीस-बावीस वर्षांची तरुणी नियुक्तिपत्र मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांत रात्रपाळीला एखाद्या कक्षाची एकटी जबाबदार व्यक्ती होऊ शकते. अभ्यासक्रमातील शेवटच्या टप्प्यात तिने आंतरवासिता केलेली असते हे खरे. परंतु त्या काळात ती विद्यार्थिनीच असते आणि तिच्या कामावर पाठ्यनिर्देशिकेची किंवा परिसेविकेची नजर असते. ही नजर जेथे संपते तेथून खऱ्या अर्थाने समायोजनाचा प्रश्न सुरू होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप काटेवाडी आणि बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात स्पष्ट केले आहे.

उद्दिष्टे

१. परिचर्या शिक्षण व प्रत्यक्ष सेवा यांतील अंतर कसे निर्माण झाले ते पाहणे.
२. नवपरिचारिकेच्या संक्रमणकाळाविषयी मांडले गेलेले सिद्धान्त समजून घेणे.
३. तालुका व ग्रामीण पातळीवर या संक्रमणाला कोणते वेगळे रूप येते ते स्पष्ट करणे.
४. स्थानिक साधनांतून शक्य असलेले उपाय सुचविणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्या विद्यालय सुरू केले, तेव्हापासून रुग्णालय हेच परिचारिकेचे विद्यालय राहिले. महाराष्ट्रातही हीच पद्धत रुजली. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांसाठी परिचर्येचे शिक्षण हाती घेतले आणि या स्त्रिया ससून रुग्णालयात प्रशिक्षण घेऊ लागल्या. ज्या काळी परपुरुषाच्या शुश्रूषेचे काम कुलीन घरातील स्त्रीला निषिद्ध मानले जाई, त्या काळी हे पाऊल धाडसाचे होते.

या जुन्या पद्धतीत विद्यार्थिनी रुग्णालयाच्या वसतिगृहात राहत असे आणि शिकता शिकता कक्षाचे बरेचसे काम तिच्याच हातून होत असे. तिच्या श्रमावर रुग्णालय चाले. शिक्षण मात्र मागे पडे. यात शोषण होते, हे नाकारता येणार नाही. तथापि एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. उत्तीर्ण होण्याच्या आदल्या दिवशी ती ज्या कक्षात काम करी, त्याच कक्षात दुसऱ्या दिवशीही काम करी. तीच परिसेविका, तेच डॉक्टर, तेच औषधांचे कपाट. विद्यार्थिनी ते परिचारिका हे अंतर फारच थोडे होते.

पुढे परिचर्या शिक्षणाला विद्यापीठीय दर्जा मिळाला. १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ मध्ये झाला. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झाले, तर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने राज्यातील पदवी शिक्षण एका छत्राखाली आणले. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. आज दोन वर्षांचा ए.एन.एम., तीन वर्षांचा जी.एन.एम. आणि चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग असे तीन प्रमुख मार्ग उपलब्ध आहेत.

या प्रवासात विद्यार्थिनी रुग्णालयाच्या वेठीतून मुक्त झाली, तिला ग्रंथालय, प्रयोगशाळा व शास्त्रीय अभ्यास मिळाला. ही मोठी प्राप्ती होय. मात्र शिक्षण रुग्णालयापासून जसजसे दूर गेले, तसतसा दोहोंमध्ये एक ओढा तयार झाला आणि त्यावर पूल बांधण्याचे काम कोणाकडेच सोपविले गेले नाही. निकाल लागला की महाविद्यालयाची जबाबदारी संपते. रुग्णालयाला तर तयार मनुष्यबळ हवे असते. मधले काही महिने कोणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत.

संक्रमणकाळाचे सिद्धान्त

अमेरिकन परिचर्या-अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेला 'वास्तवाचा धक्का' असे नाव दिले. त्यांच्या मांडणीनुसार नवपरिचारिका चार टप्प्यांतून जाते. पहिला टप्पा नवलाईचा. गणवेश, पहिला पगार, घरच्यांचा अभिमान यांत हे दिवस सरतात. दुसरा टप्पा धक्क्याचा. शिकविलेले आदर्श आणि कक्षातील व्यवहार यांतील विसंगती या टप्प्यात टोचू लागते. तिसऱ्या टप्प्यात ती सावरते व दोन्ही बाजू पाहू लागते. चौथ्या टप्प्यात ती काही निर्णयाला येते. हा निर्णय नेहमीच हितकारक असतो असे नाही. कोणी व्यवसाय सोडते, तर कोणी मूल्ये सोडून केवळ काम उरकू लागते. दुसऱ्या प्रकारचे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते अधिक गंभीर मानावे लागते.

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये कौशल्यविकासाच्या पाच पायऱ्या सांगितल्या : नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. नुकतीच उत्तीर्ण झालेली परिचारिका या शिडीवर दुसऱ्या पायरीवर असते. नियम तिला ठाऊक असतात. परंतु समोरच्या दहा गोष्टींपैकी कोणती आधी महत्त्वाची, हे तिला अजून आपोआप उमगत नाही. एकाच प्रकारच्या विभागात साधारणपणे दोन ते तीन वर्षे काम केल्यावर सक्षमतेची पायरी येते, असे बेनर यांचे निरीक्षण आहे. कॅनडातील ज्यूडी डचर यांनी २००९ मध्ये 'संक्रमणाचा धक्का' ही संकल्पना मांडून पहिल्या काही महिन्यांतील शारीरिक, भावनिक, बौद्धिक व सामाजिक ताणांचा एकत्रित विचार केला.

या तिन्ही मांडण्यांतून एक समान सूत्र हाती लागते. सुरुवातीची चाचपड ही त्या मुलीच्या बुद्धीची किंवा निष्ठेची उणीव नसून शिकण्याचीच एक अवस्था आहे. अवस्था म्हटली की तिला वेळ आणि आधार या दोन्हींची गरज असते.

परिसराचे स्वरूप

काटेवाडी हे बारामती-इंदापूर मार्गावरील गाव. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचे येथे परीट समाजाकडून धोतरांच्या पायघड्या घालून होणारे स्वागत आणि मेंढ्यांचे रिंगण यांमुळे ते महाराष्ट्रभर परिचित आहे. भोवतालचा प्रदेश उसाचा. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथील सहकारी साखर कारखान्यांनी या भागाचे अर्थकारण घडविले. बारामतीत औद्योगिक वसाहत आहे, उपजिल्हा रुग्णालय व महिला रुग्णालय आहे, आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. यांशिवाय बारामती व इंदापूर या दोन्ही गावांत खाजगी रुग्णालये आहेत.

अशा परिसरात परिचर्येचे शिक्षण शेतकरी व शेतमजूर कुटुंबांतील मुलींसाठी स्वावलंबनाचा जवळचा मार्ग ठरते. नोकरीचे पर्याय स्थूलमानाने तीन : शासकीय रुग्णालय, खाजगी रुग्णालय आणि गावपातळीवरील आरोग्य उपकेंद्र. तिन्ही ठिकाणी संक्रमणाचे स्वरूप वेगवेगळे असते.

कक्षातील पहिले महिने

विद्यार्थिदशेत एक-दोन रुग्ण नेमून दिले जातात. त्यांचा इतिहास लिहावयाचा, शुश्रूषा-आराखडा तयार करावयाचा, तो पाठ्यनिर्देशिकेला दाखवावयाचा. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात ३ रुग्णांमागे १ आणि अन्य रुग्णालयांत ५ रुग्णांमागे १ परिचारिका असावी. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एका पाळीत याहून पुष्कळ अधिक रुग्ण एकीच्या वाट्याला येतात. आराखडा लिहिण्यास शिकलेल्या मुलीपुढे आता निवडीचा प्रश्न उभा राहतो. एका खाटेवरील सलाईन संपत आलेली, दुसऱ्या खाटेवरील बालकाला ताप चढलेला, दारात नवा रुग्ण, घरी जाणाऱ्याचे नातेवाईक कागदपत्रांसाठी खोळंबलेले, आणि कोपऱ्यातील वृद्धाचा श्वास किंचित जलद झालेला. सर्वांत मोठा आवाज नातेवाइकांचा असतो. सर्वांत मोठा धोका मात्र न बोलणाऱ्या वृद्धाला असतो. हा भेद पुस्तकात एका ओळीत शिकविलेला असतो. तो अंगी बाणण्यासाठी शेजारी अनुभवी परिचारिका असावी लागते.

दुसरा बदल सहीचा. विद्यार्थिनीच्या नोंदीवर दुसऱ्या कोणाची तरी सही असते. नोकरीत तिची एकटीची सही पुरते, आणि अपघात, विषबाधा किंवा भाजलेल्या रुग्णांच्या प्रकरणी तीच नोंद न्यायालयात पुरावा ठरू शकते. औषध दिल्याची वेळ, रुग्णाची त्या वेळची अवस्था, डॉक्टरांना कळविल्याची वेळ या तीन गोष्टी न लिहिल्यास केलेले कामही न केल्यासारखे होते.

तिसरी बाब औषधांच्या सुरक्षिततेची. इन्सुलिनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांचे इन्सुलिन मिळते. दोहोंच्या सिरिंज वेगळ्या असतात. ४० साठी लाल व १०० साठी नारिंगी झाकणाची सिरिंज वापरली जाते. १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरल्यास रुग्णाला १० ऐवजी २५ युनिट मिळतात. रक्तशर्करा एकदम खाली येऊन मेंदूला इजा होण्यास एवढी चूक पुरेशी आहे. पोटॅशियम क्लोराइडचे तीव्र द्रावण पातळ न करता थेट शिरेत दिल्यास हृदय बंद पडते. ही माहिती प्रत्येक विद्यार्थिनीने परीक्षेत लिहिलेली असते. प्रश्न माहितीचा नाही. पहाटे चार वाजता, सलग नऊ-दहा तास उभे राहिल्यानंतर, मंद प्रकाशात सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्यांपैकी एक उचलताना ती माहिती हाताशी येते का, हा खरा प्रश्न आहे. म्हणूनच धोक्याच्या औषधांची दोघींनी पडताळणी करण्याची पद्धत सांगितली जाते. जेथे पाळीवर दुसरी परिचारिकाच नसते, तेथे ही पद्धत कागदावर राहते.

चौथी बाब डॉक्टरांशी संवादाची. रात्री दोन वाजता डॉक्टरांना फोन करावा की सकाळच्या फेरीपर्यंत थांबावे, या द्विधेत नवपरिचारिकेचा मोलाचा वेळ जातो. उगाच उठविले म्हणून बोल लावला जाईल, ही भीती त्यामागे असते. यावर एक सोपी चौकट उपयोगी पडते : सध्याची परिस्थिती, रुग्णाची पार्श्वभूमी, स्वतःचे निरीक्षण आणि अपेक्षित कृती. 'पेशंट बरा वाटत नाही' असे मोघम सांगण्याऐवजी 'सहा नंबरच्या रुग्णाचा रक्तदाब तासाभरात १२० वरून ९० वर आला आहे, काल शस्त्रक्रिया झाली आहे, पट्टी भिजली आहे, आपण येऊन पाहावे' असे सांगितल्यास डॉक्टरांनाही निर्णय करणे सुलभ जाते. बोलण्याचे हे धाडस वैयक्तिक स्वभावावर सोडण्याजोगे नाही. ते सरावाने शिकविता येते.

भाषेचा प्रश्न

परिचर्येचे पदवी शिक्षण इंग्रजीतून होते. वेदना मात्र बोलीतून व्यक्त होते. 'चमक निघते', 'कळ मारते', 'घेरी येते', 'अंगात कणकण आहे', 'डोळ्यांपुढं अंधारी येते', 'जीव घाबरा होतो' हे शब्दप्रयोग या भागातील रुग्णांच्या तोंडी सहज येतात. यांतील 'जीव घाबरा होणे' याचा अर्थ कधी भीती, कधी रक्तशर्करा कमी होणे, तर कधी हृदयविकाराचा प्रारंभही असू शकतो. घामाने डबडबलेला मधुमेही रुग्ण असे म्हणाला तर त्याला धीर देऊन झोपविणे धोक्याचे ठरते. प्रथम साखर व नाडी तपासली पाहिजे. त्यातच ऊसतोडणीच्या हंगामात बीड व अन्य जिल्ह्यांतून आलेल्या मजुरांची बोली आणि औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगारांची हिंदी यांची भर पडते.

येथे स्थानिक मुलीला एक लाभ आहे. ही भाषा तिच्या घरची आहे. परंतु इंग्रजी पारिभाषिक शब्दांच्या दडपणाखाली शिकलेल्या मुलीला आपल्या घरच्या भाषेचे हे मोल कोणी सांगितलेले नसते. ते ज्ञान तिच्या व्यावसायिक भांडवलात जमा करणे हे शिक्षणाचेच काम आहे.

उपकेंद्रातील एकटेपण

मैदानी भागात साधारणपणे ५,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र व ३०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेत आरोग्यवर्धिनी केंद्रांची कल्पना पुढे आली. २०२३ मध्ये त्यांचे नामकरण आयुष्मान आरोग्य मंदिर असे झाले. या केंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकारी या पदामुळे बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही गावपातळीवर काम करण्याची संधी मिळाली. आरोग्यसेविका तर उपकेंद्राचा कणाच आहे.

रुग्णालयातील नवपरिचारिकेला निदान बाजूच्या कक्षात हाक मारता येते. उपकेंद्रात ती सोयही नसते. लसीकरणाच्या दिवशी शीतपेटीतील लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राखणे, बी.सी.जी. व गोवर-रुबेला लस द्रावण मिसळल्यानंतर चार तासांनी टाकून देणे, कुपीवर उघडल्याची वेळ लिहिणे, लस दिलेल्या बाळाला अर्धा तास थांबवून ठेवणे, या प्रत्येक गोष्टीचा निर्णय तिचा एकटीचा असतो. बाहेर रांग असते आणि आयांना कामावर परतण्याची घाई असते.

साखर हंगामात ही कसोटी आणखी कडक होते. कोप्यांवर राहणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतील बाळांची लसीकरण-पत्रे पुष्कळदा मूळ गावी राहिलेली असतात. कोणती लस दिली, कोणती राहिली, हे आईच्या आठवणीवरून ठरवावे लागते. गरोदर स्त्री पहाटेच फडात गेलेली असते. तिला भेटायचे तर पहाटे किंवा अंधार पडल्यावर कोपीवर जावे लागते. पालखीच्या काळात एका दिवसात हजारो वारकरी गावातून जातात. पायांना फोड, जुलाब, चक्कर, रक्तदाबाची गोळी विसरलेले वृद्ध अशा तक्रारींसाठी आरोग्य पथकांना रस्त्यावर उभे राहावे लागते. अशा वेळी पुस्तकातील सामुदायिक आरोग्य परिचर्येचे प्रकरण तिच्यापुढे चालत येते.

या एकटेपणात तिला खरा आधार मिळतो तो आशा स्वयंसेविकेचा आणि अंगणवाडी सेविकेचा. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेल्या आशा कार्यकर्तीला कोणत्या घरात कोण गरोदर आहे, कोणाची सासू दवाखान्याला विरोध करते, हे ठाऊक असते. अधिकाराच्या उतरंडीत ती खाली असली तरी गाव ओळखण्याच्या बाबतीत ती नवपरिचारिकेची शिक्षिका ठरते. जी नवपरिचारिका हे लवकर ओळखते, तिचे समायोजन सुकर होते.

सामाजिक व आर्थिक बाजू

रात्रपाळी हा केवळ झोपेचा प्रश्न नाही. गावातून तालुक्याला ये-जा करणाऱ्या मुलीला एस.टी.च्या वेळा, अंधारातील रस्ता आणि शेजाऱ्यांच्या नजरा यांना तोंड द्यावे लागते. रात्रभर जागून सकाळी घरी आलेल्या सुनेने दिवसा झोपावे, ही गोष्ट पुष्कळ घरांना अजून रुचत नाही. लग्न ठरविताना 'रात्रीची नोकरी नको' ही अट पुढे येते आणि शिकलेले हात घरी बसतात. या व्यवसायात येणाऱ्या तरुणांचा, म्हणजे 'ब्रदर'चा, प्रश्न वेगळा असतो. स्त्रियांच्या कक्षात त्यांना संकोचाला सामोरे जावे लागते.

वेतनाचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या स्थितीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशानंतर केंद्र शासनाने नेमलेल्या समितीने ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये वेतन असावे आणि २०० खाटांहून मोठ्या रुग्णालयांत ते शासकीय वेतनाच्या बरोबरीचे असावे, अशी शिफारस केली. शिफारस आणि अंमलबजावणी यांत अंतर आहे. अनुभवाच्या नावाखाली अल्प वेतन देणे, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे यांसारख्या प्रथांविरुद्ध परिचारिका संघटनांना दीर्घकाळ आवाज उठवावा लागला. पहिल्याच नोकरीत असा अनुभव आलेली मुलगी व्यवसायाविषयीच साशंक होते.

सुरक्षिततेची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर झालेल्या हल्ल्याने हा प्रश्न समाजापुढे आणला. २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ४२ वर्षे त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. रुग्णालयांतील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला असून त्याचे संरक्षण परिचारिकांनाही आहे. सुई टोचण्याच्या अपघाताबाबतही अशीच माहिती आवश्यक असते. कावीळ-बी ची लस आधी घेतलेली असावी, आणि एच.आय.व्ही. चा धोका असल्यास प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावीत. टोचल्याचे लपविणे हे नवख्या मुलींमध्ये संभवते, कारण ती आपलीच चूक समजली जाईल अशी भीती त्यांना वाटते.

अन्यत्र झालेले प्रयत्न

अनेक देशांनी हा पूल बांधण्याचा प्रयत्न केला आहे. अमेरिकेत २००२ पासून नवपरिचारिकांसाठी एक वर्षाचे निवासी प्रशिक्षण काही रुग्णालयांनी सुरू केले. स्कॉटलंडने २००६ मध्ये पहिल्या वर्षासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आणला. जपानमध्ये २०१० पासून नवपरिचारिकांना प्रशिक्षण देण्यासाठी प्रयत्नशील राहणे हे रुग्णालयांचे कायदेशीर कर्तव्य ठरले. या सर्वांत एक घटक समान आहे : पहिल्या काही महिन्यांसाठी प्रत्येक नवपरिचारिकेला नावानिशी नेमलेली एक अनुभवी मार्गदर्शक.

उपाययोजना

बारामती-इंदापूरसारख्या परिसरात फार मोठ्या निधीशिवायही पुढील गोष्टी करता येतील.

१. रुजू झाल्यानंतरचे पहिले तीन आठवडे नवपरिचारिकेला पाळीच्या संख्येत धरू नये. तिने मार्गदर्शक परिचारिकेबरोबर काम करावे.
२. पहिले दोन महिने तिला एकटीने रात्रपाळी देऊ नये.
३. इन्सुलिन, पोटॅशियम, रक्त चढविणे, प्राणवायू, बालकांची औषधमात्रा अशा निवडक कौशल्यांची यादी करून प्रत्येकापुढे मार्गदर्शकाची सही झाल्यावरच ते काम तिच्याकडे स्वतंत्रपणे सोपवावे.
४. परिचर्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थिनींशी नियुक्तीनंतर पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या महिन्यात संपर्क साधावा आणि त्यांच्या अडचणींची नोंद अध्यापनात उपयोगात आणावी.
५. लहान रुग्णालयांना स्वतंत्र वर्ग चालविणे परवडत नसल्यास तालुक्यातील रुग्णालयांनी मिळून महिन्यातून एक दिवस संयुक्त वर्ग घ्यावा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याचे स्वाभाविक केंद्र होऊ शकेल.
६. सर्वसाधारण महाविद्यालयांनीही यात वाटा उचलावा. मराठी विभागास परिसरातील दुखण्यांच्या बोलीशब्दांचा संग्रह करता येईल. मानसशास्त्र विभागास ताण व शोक यांविषयी समुपदेशन देता येईल. वाणिज्य व विधी शाखांतील अध्यापकांना नियुक्तिपत्र, भविष्यनिर्वाह निधी व वेतनविषयक हक्क समजावून देता येतील.

यावर एक आक्षेप संभवतो. पंधरा-वीस खाटांच्या रुग्णालयाला तीन आठवडे एका परिचारिकेचे वेतन 'विनाकाम' देणे परवडेल काय? याचे उत्तर हिशेबातच आहे. चार महिन्यांत एक मुलगी सोडून जाते, तिच्या जागी दुसरी नवखी येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. हा खर्च कोणत्याही खात्यात दिसत नाही, पण तो रुग्णालय सतत करीत असते. ज्येष्ठ परिचारिकांवर मार्गदर्शनाचा अधिक भार पडेल, हा आक्षेप अधिक रास्त आहे. त्यासाठी मार्गदर्शक परिचारिकेच्या वाट्याचे रुग्ण त्या काळात कमी करणे व तिला मानधन देणे आवश्यक ठरेल. अन्यथा ही योजना दुसऱ्या एका स्त्रीच्या फुकट श्रमावर उभी राहील.

निष्कर्ष

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ७९ लक्ष परिचारिका होत्या आणि ५९ लक्ष परिचारिकांची उणीव होती. ही उणीव भरून काढण्यासाठी नवी महाविद्यालये काढण्याकडे सर्वांचे लक्ष जाते. शिकून बाहेर पडलेल्या मुलींना पहिल्या वर्षी टिकवून धरण्याकडे त्या मानाने लक्ष दिले जात नाही.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, नवपरिचारिकेच्या अडचणींचे मूळ तिच्या ज्ञानाच्या अभावात कमी आणि जबाबदारी एकाकी पडण्यात अधिक आहे. ती जबाबदारी पेलण्यास लागणारे महिने हा शिक्षणाचाच उत्तरार्ध समजला पाहिजे आणि त्याचे दायित्व महाविद्यालय व रुग्णालय या दोघांनी वाटून घेतले पाहिजे. काटेवाडीसारख्या गावातील कुटुंब आपल्या मुलीला परिचर्या महाविद्यालयात पाठविते तेव्हा ते पोटाला चिमटा काढून शुल्क भरते. तीच मुलगी उद्या त्या गावातील प्रसूत स्त्रीच्या, नवजात बालकाच्या आणि मधुमेही वृद्धाच्या उशाशी उभी राहणार असते. तिच्या पहिल्या रात्रपाळीला तिच्याजवळ कोण असेल, याचे उत्तर नियुक्तिपत्रातच लिहिलेले असावे.